हलेल तो येणार नाही

आख्ख्या रत्नागिरीत माझ्या मामांइतका चुळबुळ्या माणूस झाला नाही, आणि छंद मात्र त्यांनी असा धरला, की भाताला आधण येईपर्यंत समोर मुंगीनेही हलू नये. मामांना एका पाटावर पुरतं जेवलेलं कोणी पाहिलं नाही. पहिला भात माजघरात, तर ताकभात विहिरीपाशी. तीस सालाच्या आगेमागे त्यांनी आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा कॅमेरा केला. आतून काजळी फासली, फटी फणसाच्या चिकाने बुजवल्या आणि चहाच्या खोक्यातल्या पातळ पत्र्याला मामीच्या सुईने भोक पाडलं. भिंग नाहीच. भिंग म्हणजे लबाडी, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या भोकातून उजेड इतका सावकाश आत जाई, की चालती माणसं फोटोत उमटतच नसत. भर बाजारात काढलेल्या फोटोत दुकानं होती, गाड्या होत्या, माणूस एकही नव्हता आणि बैलांना डोकी नव्हती. भाट्याच्या पुळणीवर समुद्राचा नुसता धूर झाला. कोणी हसलं की मामा गंभीरपणे सांगत, "हलेल तो येणार नाही."

"मग तुमचं कसं व्हायचं?" मामी एकदा म्हणाली. तिला खरीच काळजी होती. दोघांचा एक फोटो असावा, एवढीच तिची हौस, आणि गावातल्या फोटोवाल्याकडे जायला मामा तयार नव्हते.

शेवटी एका सकाळी अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. मामी लग्नातला शालू नेसून गौरीसारखी निश्चल बसली. मामांनी भोकावरची पट्टी काढली, धावत येऊन शेजारी बसले आणि पट्टी नीट निघाली का ते बघायला उठले. पुन्हा बसले. पेटीवर कावळा आला, त्याला हाकलायला उठले. मग ढग आला, तो कुठवर जातो ते बघायला थेट फाटकापर्यंत गेले. मी ओटीवरून हसत होतो. मामी नुसत्या डोळ्यांनी रागावत होती.

न्हाणीघरात फोटोची काच धुऊन मामा बाहेर आले, ते चेहरा पाडून. मामी स्वच्छ उमटली होती. शेजारी पांढरट धूर, आणि त्यातून खुर्चीची वेताची पाठ दिसत होती. पाऊस सरला की पुन्हा काढू, तेव्हा मला दोरीने बांध, असं मामा म्हणाले. पण त्याच श्रावणात ते तापाने गेले.

मुंबईत रंगवून फोटोत माणूस बसवून देतात, असं मी पुढे मामीला सुचवलं. तिने फोटो पदराने पुसला.

"नको रे," ती म्हणाली. "बसवून दिलंनी, तर ते हे राहायचे नाहीत."

तो फोटो आता माझ्याकडे आहे. मामांची फार आठवण आली की मी तो काढतो. ते गेले असं तेव्हा वाटत नाही. ढग बघायला फाटकापर्यंत गेलेत, एवढंच वाटतं.