विजूताईंचं तिकीट

पक्षात वीस वर्षं काढली की पद मिळतंच असं नाही, किस्से मात्र भरपूर साठतात. यंदाच्या महापालिका निवडणुकीत तर एवढे साठले, की पोटात राहीनात. पक्षाचं नाव सांगत नाही. कोणतंही घाला, किस्सा बदलत नाही.

मी आमच्या नाशिक रोडच्या शाखेचा चिटणीस. म्हणजे नाव लेटरहेडवर आणि काम सतरंज्या उचलायचं. शाखा खरी चालवतात त्या विजूताई. चार निवडणुका त्यांनी आमच्या प्रभागातले जिने चढून काढल्या. प्रत्येक वेळी साहेब, म्हणजे आमचे शहराध्यक्ष, म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी तिकीट तुमचंच." यंदा ती पुढची वेळ आली. ताई एकसष्ट वर्षांच्या. आता आणखी एक 'पुढची वेळ' त्यांच्याकडे नव्हती.

*

आधी इच्छुकांचे अर्ज. फॉलोअर्सची माहिती लिहायला अर्धं पान, आणि 'पक्षासाठी केलेले कार्य' याला दीड ओळ! ताईंनी चार कागद लिहून जोडले. कार्यालयातल्या माणसाने पिन काढून ते परत दिले.

"जोडपत्रं घेत नाही, मॅडम. थोडक्यात लिहा."

ताईंनी त्या दीड ओळीत लिहिलं, 'साहेबांना विचारा.' अर्ज जमा झाला. साहेबांना कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

*

मग मुलाखती. मुंबईहून तीन निरीक्षक आले होते. ताईंना सकाळी नऊला बोलावलं, नंबर लागला दुपारी चारला. मी खुर्ची द्यायच्या निमित्ताने आत उभा होतो. एक निरीक्षक मिसळ खात होता, दुसरा मोबाईलवर. तिसऱ्याने विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले."

"अच्छा. मग तुमचा प्रचार कोण करणार?"

"चार निवडणुका तुमचा केला, तीच बाई."

मिसळवाला हसला. पाव पुसून खाल्ला आणि "नेक्स्ट" म्हणाला. दोन मिनिटं पण झाली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चिटणीसाला मस्तक असतं हे पक्षाला मान्य नाही.

*

साहेब म्हणाले, "मुलाखत सोडा, सर्व्हेत नाव आलं पाहिजे." तो सर्व्हे मला फोनवर आला. रेकॉर्ड केलेली बाई विचारत होती, तुमच्या प्रभागात उमेदवार कोण हवा? अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन. चौथं नाव होतं बंटीशेठचं. हे बिल्डर, आठवडाभरापूर्वी समोरच्या पक्षातून आमच्यात आलेले. ताईंचं नाव कुठेच नाही. शेवटी 'इतरांसाठी नऊ दाबा' म्हणाली. मी अंगठा दुखेपर्यंत नऊ दाबला.

"आपण चुकीचा पर्याय निवडला आहे."

असा संताप आला, की मी त्या मशीनशी भांडलो. बायको म्हणाली, "अहो, ती रेकॉर्ड आहे." म्हटलं, साहेब तरी दुसरं काय आहेत?

*

बंटीशेठ पहिल्यांदा शाखेत आले तेव्हा गळ्यात आमचं उपरणं होतं आणि गाडीवर अजून त्यांच्या जुन्या पक्षाचा झेंडा. ताईंनी त्यांना पाणी दिलं. घरी आलेल्याला पाणी द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. कोणीतरी सांगितलं, या पण इच्छुक आहेत बरं का.

बंटीशेठ कौतुकाने म्हणाले, "अरे वा! कोणत्या पक्षाकडून?"

ताईंनी रिकामा ग्लास उचलला आणि आत गेल्या. वीस वर्षं जिथे झाडू मारला तिथे हे ऐकायचं!

*

बंटीशेठच्या शक्तिप्रदर्शनाला पार लांबच्या सुरगाण्याहून जीप भरून माणसं आणली होती. नाशिक रोडच्या उमेदवारीसाठी सुरगाण्याची शक्ती! एका म्हाताऱ्या बाबांना मी चहा दिला आणि विचारलं, "बाबा, कोणासाठी आलात?"

"नाव नाय म्हाईत," ते म्हणाले. मग रस्ताभर पसरलेल्या बिल्डिंगांकडे बघून त्यांनी मलाच विचारलं, "एवढं मोठं शहर, अन् तुमच्याकडं मानसं नाय का?"

मी त्यांना चहा आणखी हवा का, एवढंच विचारलं.

*

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता साहेबांचा ताईंना फोन आला. "ताई, निवडणूक कार्यालयात या. आधारकार्ड आणा." एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, शेवटच्या तासातच वाटतात. ताई ठेवणीतली साडी नेसल्या. त्यांचे मिस्टर, आमचे काका, पेढे घेऊन माझ्या स्कूटरवर मागे.

तिथे एबी फॉर्म बंटीशेठच्या हातात होता. साहेबांनी ताईंपुढे बंटीशेठचा अर्ज सरकवला. "ताई, सूचक म्हणून तुमची सही पाहिजे. निष्ठावंतांची सही असली म्हणजे लोकांत चांगला मेसेज जातो."

काकांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत ठेवला. मी ताईंना म्हटलं, "नका करू सही. मी तुमच्या पाया पडतो."

बंटीशेठच्या वकिलाने मागच्या निवडणुकीच्या यादीतून ताईंचा क्रमांक आधीच लिहून ठेवला होता. ताईंनी चष्मा लावला, अर्ज वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला आणि सही केली. मला साहेबांपेक्षा त्यांचाच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी छाननी. अधिकाऱ्याने नवी यादी उघडली आणि म्हणाला, "सूचक याच प्रभागातला मतदार लागतो. या बाईंची सोसायटी नव्या रचनेत शेजारच्या प्रभागात गेली आहे. अर्ज बाद."

बंटीशेठनी खबरदारीचा दुसरा अर्ज भरलाच नव्हता आणि मुदत आदल्या दिवशीच संपली होती. साहेब तडक शाखेत आले. ताई मटार सोलत बसल्या होत्या.

"ताई, यादीचं काम वीस वर्षं तुमच्याकडे. प्रभागातलं एकेक नाव तुम्हाला पाठ. स्वतःचं नाव कुठे गेलं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

ताईंनी हातातली शेंग सोलून संपवली.

"साहेब, तुम्ही सही मागितलीत. यादी कुठे मागितलीत?"