पिस्तुलांचे देव किती?

पोलिसांच्या शस्त्रागारात काय गमतीजमती होणार, असं लोकांना वाटतं. शस्त्रागाराला आम्ही कोत म्हणतो. मी ज्या कोतात आर्मोरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री आहे, तो नेमका कुठला ते सांगत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला आहे एवढं पुरे. दर शुक्रवारी सगळी पिस्तुलं खोलून साफ करायची असतात. हात तेलात गुंतले की तोंड मोकळं राहतं. त्यामुळे आमच्याकडे तेलाच्या चिंध्या आणि किस्से, दोन्ही ढिगाने साठतात.

आमचे थोरले मिस्त्री हमीदभाऊ वरोऱ्याचे. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. हमीदभाऊ डोळे मिटून स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, ओढतात आणि पिस्तुलाचं घराणं सांगतात, ही ख्याती मी ऐकून होतो. खरं वाटलं नाही. मी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि तीन रिकामी पिस्तुलं एकामागून एक हातात दिली.

पहिल्याची नळी स्लाइडबरोबर किंचित मागे येऊन बुड खाली टेकवते. दुसऱ्याची नळी सरळच मागे येते, तिच्याखालचा एक ठोकळा तेवढा खाली पडतो. तिसऱ्याची नळी जागची हलतच नाही, फक्त स्लाइड मागेपुढे होते. तिन्ही त्यांनी बरोबर ओळखली. मी विचारलं, कसं काय? रुमाल सोडत ते म्हणाले, "हाताले दिसते ना बाबू. डोळे तं उगाच मधात येतात."

एकदा एक तरुण साहेब बदलून आले. त्यांच्या कमरेला प्लास्टिकच्या मुठीचं परदेशी पिस्तूल होतं. ही अगदी नवी टेक्नॉलॉजी आहे, तुमच्या जुन्या लोखंडाशी हिचा संबंध नाही, असं त्यांनी आम्हाला ऐकवलं. हमीदभाऊंनी परवानगी घेऊन ते खोललं. शेजारी आपलं देशी बनावटीचं जुनं नऊ एमएम खोलून ठेवलं आणि दोन्ही नळ्यांची बुडं साहेबांना दाखवली. दोन्हीकडे तीच तिरपी खाच आणि खाली टेकायची तीच तऱ्हा. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कारागिराचं ते डोकं.

"साहेब, आजा एकच हाय," हमीदभाऊ म्हणाले. "नातवानं कपडे बदलले फक्त."

साहेब त्यानंतर दर शुक्रवारी चहाला यायला लागले.

आता सुखदेव मडावी. गोंड समाजाचा, गाव पार जंगलात. त्याच्याइतका साफ हात मी पाहिला नाही, पण आर्मोररच्या तोंडी परीक्षेत गडी दोनदा नापास झाला होता. पिस्तुलांची इंग्रजी नावं आणि कोणतं कशावरून निघालं, हे त्याच्या डोक्यात राहायचंच नाही. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली की कोत सुटणार आणि परत पहाऱ्याची ड्यूटी. हमीदभाऊ निवृत्त होणार होते आणि आपली जागा सुखदेवने घ्यावी अशी त्यांची इच्छा होती. मलाही तेच वाटत होतं, कारण दुसरा कोण येईल याची मला धास्ती होती.

सुखदेवनेच तोड काढली. गोंडांमध्ये कुळं देवांवरून मोजतात: चार देवांचे, पाच, सहा, सात. सोयरीक करताना पहिला प्रश्न तोच, कारण सारख्या देवांचे सगळे भाऊ आणि भावाभावांत लग्न होत नाही. त्याने पिस्तुलांनाही देव वाटून टाकले. बुड टेकवणारी सगळी सात देवांची, सरळ मागे येणारी सहा देवांची, जागची न हलणारी चार देवांची. आठवडाभरात त्याला कोतातल्या प्रत्येक पिस्तुलाचा बाप, आजा, चुलता पाठ झाला. एकदा कुठूनसा जप्त केलेला एक गावठी नग आला. त्यावर परदेशी नाव झोकात कोरलेलं आणि आत सगळीच ठिगळं. सुखदेवने तो उलटसुलट पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं, "याले देवच नाई."

याच काळात मी एक घोळ केला. दोन देशी नऊ एमएम एकाच वेळी खोलली आणि जोडताना नळ्यांची अदलाबदल झाली. दोन्ही झकास बसल्या. नळीचा आणि स्लाइडचा नंबर जुळत नाही, हे हमीदभाऊंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. अशी नळी बसते, पण नीट लॉक होईलच याचा भरवसा नाही. गोळी सुटताना ज्याच्या हातात पिस्तूल त्याच्यावरच बेतायचं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

सुखदेवने हे घरी सांगितलं. त्याची बायको मोहफुलं निवडत होती. बंदुकीतलं तिला काही कळत नाही, पण तिने पाच लग्नं जुळवलेली आहेत. तिला यात नवल वाटलं नाही. "एका देवात सोयरीक लावली काऊन त्यानं?" ती म्हणाली. "दोघं भाऊच नं. मंग बिघडनच."

परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले. चष्मा, शांत आवाज, हातात स्वतःची पेटी. त्यांनी पाच पिस्तुलं टेबलावर मांडली. कोणी नंबर वाचून उत्तर देऊ नये म्हणून नंबरांवर पट्ट्या चिकटवल्या होत्या. सुखदेवने चार पिस्तुलं खोलली, घराणी सांगितली आणि देवही सांगून टाकले. परीक्षक ऐकत राहिले. मी आणि हमीदभाऊ दाराशी उभे होतो. हमीदभाऊ ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते.

पाचवं खोलल्यावर सुखदेव थांबला. नळीवरची घासलेली जागा पाहिली, स्लाइडच्या आतली पाहिली, पुन्हा नळी पाहिली. मला वाटलं, गेलं. तिसऱ्यांदाही गेलं.

"बोला मडावी," परीक्षक म्हणाले. "हे माझं शिकवायचं पिस्तूल आहे. बारा वर्षं यावरच शिकवतोय."

"सात देवांचं हाय साहेब," सुखदेव हळूच म्हणाला. "पन नळी याची नाई, घासल्याच्या खुना जुळत नाई. भावाची हाय. एका देवात लगन लावलं कोनीतरी."

परीक्षकांनी दोन्ही पट्ट्या नखाने सोलल्या. चष्मा वर करून नळीचा नंबर वाचला, मग स्लाइडचा. पुन्हा नळीचा वाचला. मग कागद ओढून सुखदेवच्या नावापुढे पास लिहिलं, सही केली आणि पिस्तूल त्याच्याकडे सरकवलं.

"मग आता काडीमोडही तुम्हीच करून द्या."