मोबाईलने लिहिलेलं माझं लग्न

मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या डोक्यात आलं, हळदीच्या दिवशी आईच्या लग्नाची गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवायची. मी आठवेल तसं बोलत गेले. माहेरच्या गावचं, सोनईचं अंगण, उकाडा, मधेच बंद पडणारा कर्णा. तिने ते सगळं मोबाईलमधल्या एआयला दिलं आणि चहा उकळेपर्यंत गोष्ट तयार!

काय लिहिलं होतं! 'मंगलाष्टकं चालू असताना माझी आई समोर उभी होती. अक्षता टाकताना तिचे डोळे भरून आले.' ती ओळ मी तीनदा वाचली, पदराने डोळे पुसले, आणि मग भानावर आले. साफ खोटं! आमच्याकडे मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईने बघायचं नसतं. माझी आई तेव्हा घरामागे, मांडवाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत होती. फोटोवाला मांडवात होता, त्यामुळे तिचा तेव्हाचा एकही फोटो नाही.

मुलीने चूक दाखवल्यावर एआयने अदबीने माफी मागितली आणि लगेच दुसरं लिहिलं. आता आई तुळशीपाशी हुंदके देत मला आशीर्वाद देत होती. "तू होतास का रे तिथे, शहाण्या?" मी मोबाईललाच झापलं. 'मला माहीत नाही' एवढं म्हणायला काय जात होतं त्याचं? पण खरं सांगते, तो जे रचून सांगत होता, तेच तर मला जाणून घ्यायचं होतं. त्या पाच-दहा मिनिटांत आईला काय वाटलं, हे मी तिला कधी विचारलंच नाही. आता विचारायला आई नाही.

शेवटी नगरहून सोनईला काकूला फोन लावला. ती तेव्हा आईजवळ होती.

"काकू, आई रडली का गं तेव्हा?"

"न्हाई बाई. पानी घालीत हुती. तांब्या रिकामा झाला तरी तसाच वाकडा धरून उभी. वाजंत्री वाजली, तवा मीच हातातून काढून घेतला."

फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडले. आई, एकदा तरी वळून बघायचं होतंस गं.

मुलगी घाबरून धावत आली. तिला म्हटलं, "तुझ्या लग्नात तुळशीला मी सकाळीच पाणी घालणार. मंगलाष्टकांना तुझ्यासमोर उभी राहणार. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."