वेगळ्या खोलीचा सल्ला

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. साथीच्या रोगांवर लिहायला डॉक्टर आहेत, अभ्यासक आहेत. मी ओमानमध्ये गवत कापायचो आणि काम सुटल्यावर मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची पुस्तकं वाचायचो, एवढीच माझी लायकी. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे कुठे भाषा चुकली किंवा शहाणपणा जास्त झाला तर माफ करा. पण मध्यंतरी एका लेखात वाचलं, की आदिवासी पाड्यांवर साथीचा त्रास जास्त होतो त्याचं कारण अज्ञान. ते वाचून मी लिहायला बसलो. आमच्या घरी त्या वर्षी जी चूक झाली, ती घरातल्या एकुलत्या एक शिकलेल्या माणसानं केली होती. म्हणजे मी.

आम्ही वारली. आमचा पाडा डांबरी रस्त्यापासून पाऊण तासाच्या चालीवर आहे आणि मध्ये ओढा आहे. वसईच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या वाडीत माझे वडील दरवर्षी केळींच्या कामाला जायचे. ते वारले तरी त्या घराशी ओळख राहिली. त्यांचा मुलगा मस्कतला बागकामाच्या कंपनीत सुपरवायझर होता. बारावीनंतर मला त्यांनीच तिकडे नेलं. मी त्यांना घरच्या सवयीनं शेठ म्हणायचो. ते म्हणायचे, "इथं शेठ नको म्हणू रे. इथं माझाही अर्बाब, म्हणजे मालक, वेगळा आहे."

आमचा कॅम्प वादी अदाईला होता आणि काम अझैबाच्या बाजूला, रस्त्याकडेचं गवत आणि झाडं. खोलीत आम्ही आठजण, चार दुमजली पलंग, एक एसी. मी वाचत बसायचो म्हणून बाकीचे मला 'कॉलेज' म्हणायचे.

२००९चा ऑगस्ट. मेसमधल्या टीव्हीवर पुण्याची माणसं तोंडाला फडकी बांधून रांगेत उभी दिसायची. स्वाइन फ्लू हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. मग आमच्या कॅम्पमध्येही भिंतीवर एक कागद लागला, चार भाषांत. मला सगळ्यांनी तो वाचायला लावला. ताप, खोकला असेल त्यानं वेगळ्या खोलीत राहावं, दुसऱ्यानं जवळ जाऊ नये, असं होतं.

"अलग कमरा?" माझ्या खालच्या पलंगावरचा बिहारी मिस्त्री म्हणाला. "कॉलेज, ज़रा पूछ के आ, ये अलग कमरा मिलता कहाँ है? मैं दो ले लूँगा."

सगळे हसले. मीही हसलो. पण तेव्हापासून खोलीत कुणी खोकलं की बाकीचे सात गप्प व्हायचे. खोकणारा लगेच म्हणायचा, "धूल है, धूल." ताप सांगितला तर परत पाठवतील, अशी भीती प्रत्येकालाच होती. सकाळी गाडीत बसताना मी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायचो.

घरी फोन करायचा म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या किराणा दुकानात करायचा. दुकानदार पाड्यावर निरोप धाडायचा, आणि मी दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी परत फोन करायचो. त्या आठवड्यात दुकानदार सहज म्हणाला, "आश्रमशाळा बंद झाली रे. पोरांना ताप येत होते, सगळ्यांना घरी धाडलं. तुझी धाकटी बहीण आलीय."

मला आधी बरं वाटलं. मग ती शाळा कशी आहे ते आठवलं.

मी त्याच आश्रमशाळेत शिकलो. एका हॉलमध्ये ओळीनं सतरंज्या, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं. हात धुवायला बाहेर एक नळ, तोही कधी असायचा, कधी नसायचा. तिथल्या मुलांना ताप आला म्हणून शाळेनं त्यांना आपापल्या पाड्यावर पाठवून दिलं होतं, आणि आमच्या पाड्यावर माझी मोठी बहीण बाळंतपणासाठी आलेली होती. सातवा महिना. टीव्हीवर रोज सांगायचे, गरोदर बायांना या तापाचा धोका जास्त.

आमचं घर एका खोलीचं. कारवीच्या कुडाला शेण-मातीचं सारवण, मध्ये चूल, पावसाळ्यात धूर आतच. भात अजून शेतात उभं, जुना दाणा संपलेला. श्रावण-भादव्यात आमच्याकडे कंद उकडून दिवस काढतात. मोठीचे हात मला आठवत होते, मनगटाची दोन्ही हाडं वर आलेली. अशा अंगात ताप शिरला तर तो कशाला अडेल?

दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा दुकानात आई आली होती. ओलं इरलं बाहेर टेकवून आली असणार. पावसाचा आवाज येत होता.

"धाकटीला खोकला हाय," आई म्हणाली. "आन् मोठीलापण कालपासून कणकण हाय."

"दवाखान्यात न्या."

"ओढा भरलाय. मी कशीतरी पार झाली, मोठीला नाय जमायचं. जीप येत नाय. आन् मागल्या खेपेला नेली तर ती नर्सबाई काय बोलली तुला सांगलं ना? आंघोल करून यायचं नाय का म्हणे. मोठी तेव्हापासून नाय म्हणते."

मला भिंतीवरचा कागद तेवढा पाठ होता. मी म्हणालो, "मग मोठीला वेगळी ठेवा. तिच्याजवळ कुणी जायचं नाही. धाकटीनं तर मुळीच नाही. जेवण लांबून द्यायचं."

"वेगली म्हंजे कठं?"

"कुठंही. पण वेगळी."

आमच्यात आजाऱ्याला एकटं ठेवत नाहीत. कुणी आजारी पडलं की पाड्यातलं कुणी ना कुणी येऊन उशाशी बसतं, बोलतं, तंबाखू मळतं, उठून जातं, मग दुसरं येतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी ते मागासलेपण समजायला लागलो होतो.

"बरं," आई म्हणाली. "तू शिकलेला."

त्यानंतर चार दिवस दुकानाचा फोन लागला नाही. पावसात टॉवर गेला असेल, असं शेठ म्हणाले. रमजान सुरू झाला होता, काम दुपारी एकलाच सुटायचं. बाकीचे झोपायचे. मी फोनचं कार्ड खरवडून नंबर फिरवत राहायचो. तीच ती बाई सांगायची, संपर्क होऊ शकत नाही. पुस्तक उघडायचो, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. मिस्त्री म्हणायचा, "कॉलेज, खा ले कुछ. तेरे भूखे रहने से उधर किसी का बुखार उतरेगा क्या?"

पाचव्या दिवशी फोन लागला. दुकानदार म्हणाला, "तू सांगितलंस तसं केलंय रे. मोठीला शेतावरच्या खोपीत ठेवलंय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. खोपी म्हणजे रानडुकरं हाकायला बांधलेलं पेंढ्याचं छप्पर. तिला भिंती नसतात. भात पिकायला लागलं की तिथं राखणदार बसतो, तोही पाऊस थांबल्यावर.

"खोपीत? या पावसात?"

"मग कुठं ठेवतील? घर एकच. तुझी आई बांधावर पेजेचं भांडं ठेवते आणि मागं सरते. माणसं विचारतात, हिला काय झालंय की तिला अशी रानात टाकली? कुणी म्हणतं, भगताला दाखवा. कुणी आता तिकडून जातही नाही."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. तिला घरात घ्या, आत्ता घ्या, असंच काहीतरी. कार्ड संपलं आणि फोन तुटला. कॅम्पच्या फाटकाशी, भर उन्हात, मी ते रिकामं कार्ड धरून उभा होतो. कागदावर लिहिलं होतं, वेगळी खोली. ज्यानं ते लिहिलं त्याच्याकडे दुसरी खोली होती. माझ्याकडे इथंही नव्हती आणि तिथंही नव्हती, तरी मी तो हुकूम समुद्रापलीकडे पाठवला होता.

मी शेठना गाठलं. ते गाडीत हिशोबाचे कागद भरत होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "तुला ताप आहे का?"

मी सगळं सांगितलं. ते पहिल्यांदा चिडले. "अरे, मग आधी नाही का बोलायचं? माझी बायको पोटुशी असताना शिंकली तरी डॉक्टर घरी येत होता." बोलून झाल्यावर त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग त्यांनी तिथूनच वसईला वडिलांना फोन लावला. म्हातारे शेठ माझ्या वडिलांना ओळखत होते. त्यांनी आपली भाजीची गाडी पाठवतो म्हटलं. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत जाईल, तिथपर्यंत पाड्यातल्या लोकांनी झोळी करून तिला ओढ्यापार आणायची, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी दुकानदाराकडून कळलं की गाडी पोचली. चौघांनी तिला गोधडीच्या झोळीत घालून, छातीएवढ्या पाण्यातून आणलं. तिला बोलता येत नव्हतं, दम लागत होता. सरकारी दवाखान्यात नेलंय. बास, एवढंच.

पुढचे तीन दिवस कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. मी कामावर गेलो, कारण खोलीत बसवत नव्हतं. पाण्याच्या नळ्या जोडायचो आणि कुठली जोडली ते विसरायचो. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की मान आपोआप वळायची. मी मनात दोनच गोष्टी मागत होतो आणि दोन्ही एकदम मागायची भीती वाटत होती, म्हणून शेवटी एकच मागायला लागलो. ती जगू दे.

चौथ्या दिवशी सकाळी शेठची गाडी रस्त्याकडेला थांबली. ते उतरले. एरवी ते काच खाली करून "यल्ला, यल्ला" ओरडत कामाची घाई करायचे. ते उतरून माझ्याकडे चालत आले, म्हणून मी नळी खाली टाकली.

"बहीण शुद्धीवर आहे," ते म्हणाले. "ताप उतरलाय. डॉक्टर म्हणतात, धोका टळला."

मी जाऊन नळीचं पाणी बंद केलं.

"मूल लवकर झालं," ते म्हणाले. "मुलगी होती. दुसऱ्या दिवशी गेली."

ताप कसला होता, ते कुणी तपासलं का, असं मी विचारलं. नमुना घेतलाच नव्हता. कागदावर नुसता ताप लिहिला होता.

"आणि तुझ्या आईनं दुकानदाराकडे एक निरोप ठेवलाय," शेठ म्हणाले. "तू रागावशील म्हणून तेव्हा तिनं कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या फोननंतर दुसऱ्या दिवसापासूनच तीही रात्री खोपीत होती. दिवसा बांधावर भांडं ठेवायची ते लोकांना दिसायला. अंधार पडला की आत जाऊन पोरीला पोटाशी धरून बसायची. म्हणाली, त्याला सांगा, तिला एकटी नाय ठेवली."