वीतभर मोठं चाक

लॉरी उंच दिसली की तिच्या ड्रायव्हरलाही आपली उंची वाढल्यासारखं वाटतं. मला तरी वाटायचं. म्हणून शेठच्या मागे भुणभुण लावून मी मागच्या चाकांना मोठे टायर घालून घेतले. ठाण्यापर्यंत इंजिन कसं गप्प, संथ चालायचं! भेटेल त्याला मी ते ऐकवत होतो.

पण कापडाचे गठ्ठे भरून बोरघाट चढताना गाडीने मान टाकली. तिसऱ्या गिअरला थरथर, दुसऱ्यालाही धाप, रेडिएटरचं पाणी उकळलेलं. हे इंजिन आमच्या लालबागच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नुकतंच खोलून बांधलं होतं. परत आलो तो तणतणतच. चारचौघांत शेठला म्हणालो, "मिस्त्रींचा हात आता चालत नाही." शेठने त्यांना इंजिनाचं काम देणं बंद केलं. 

दोन दिवसांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. रस्ता मोकळा होता. मिस्त्री खडू घेऊन आले. मला मागची चाकं जॅकवर उचलायला लावली आणि चाकावर नि इंजिनाकडून मागे येणाऱ्या दांड्यावर एकेक खूण केली.

"दांडा फिरव. मोज रे."

दांडा साडेसहा वेळा फिरला तेव्हा चाकाचा एक फेरा झाला.

"हे आधीही साडेसहाच होतं. आता घेर बघ."

जुना टायर आणि नवा टायर त्यांनी रस्त्यावर एकेक फेरा लोळवला आणि तेवढ्या अंतराची खडूने रेघ ओढली. तिथे कुणी चुन्याने "झालाच पाहिजे" लिहून ठेवलं होतं. त्याच्या बाजूला नव्या टायरची रेघ चांगली वीतभर पुढे गेली.

"तेवढीच वाट जायला इंजिन आता कमी फिरतं. सपाटीवर गप्प असतं ते म्हणून. घाटात त्याला फिरायलाच मिळेना, तर ओढणार काय, कपाळ? जुने टायर घाल, नाहीतर मागच्या आसातले गिअर बदलून दांडा सातदा फिरेल असं कर."

पटलं होतं, आणि त्याचाच राग येत होता.

जुने टायर चढले, गाडी घाट चढली, मिस्त्रींना काम परत मिळालं. माझी चूक मी कबूल केली, पण शेठच्या केबिनमध्ये, दार लोटून. आळ घेतला चारचौघांत आणि कबुली कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी मी पाना मागितला. मिस्त्रींनी तो फडक्याने पुसला, माझ्या हातात ठेवला.

"घ्या, ड्रायव्हरसाहेब."

बापाच्या वयाचा माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गॅरेज सोडून गावी जाईपर्यंत त्यांनी मला पुन्हा 'अरे' म्हटलं नाही.