मोटारीचं न्हाणं

माझ्या आईचं लाटणं एका टोकाला काळं होतं. घरात नवी सून आली की तिला वाटायचं, चुलीत जळलं असेल. तसं नव्हे हो. ते मोटारीचं वंगण. राखेनं घासा, चिंचेनं घासा, गेलं नाही ते नाहीच.

बडोद्यात महाराजांची अमदानी होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही शहरातल्या वाडी भागात राहायचो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पागेत स्वार होते. त्यांचे वडील स्वार, आजोबाही स्वार. पुढे घोडा अंगावर पडला आणि आबांच्या मांडीचं हाड मोडलं. जुळलं, पण वाकडं. मांडीत घोडा धरवेना. त्याच सुमारास एका सरदारसाहेबांनी मोटार घेतली आणि आबांना चालवायला शिकवून आपल्याकडे ठेवून घेतलं. पायानं नुसतं दाबायचं, तेवढं त्यांना जमायचं.

सगळं बरं चाललं होतं, आणि पावसाळा सरता सरता ती मोटार किंचाळायला लागली. इंजिन सुरू केलं की चीं चीं चीं, जसं कुणी पितळी ताटावर सुरी ओढतंय. दात शिवशिवायचे. साहेबांच्या तबेल्यातली पांढरी घोडी तर मागच्या पायांवर उभीच राहायची. साहेबांनी आबांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "दसऱ्याच्या सवारीत मोटार घोड्यांच्या मागून न्यायची आहे. तोवर तिनं तोंड मिटलं तर ठीक, नाहीतर विकून टाकतो. मला बग्गी पुरे."

बग्गीवर आधीच माणूस होता. पागेत आबांना परत कुणी घेणार नव्हतं. त्या दिवशी आबा पानावर बसले आणि भाकरी नुसती कुस्करत राहिले.

आता काही कुरकुरलं की आपण काय करतो? तेल घालतो. आमच्या झोपाळ्याच्या कड्या वाजल्या की आई एरंडेलाचं बोट फिरवायची, की झोपाळा गप्प. आबांनीही तेच केलं. बिजागऱ्यांना तेल, पंख्याला तेल, जे जे म्हणून फिरतं त्याला तेल. तेल पडलं की घटकाभर शांत आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट बोंब. साहेबांचा मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा, माणूस जुना पण जिभेला हाड नाही. आबा दिसले की सुरू, "हवे शुं, आता काय नवीन, मोटारवाले? आज काय पाजलंत तिला? आमच्या घोडीला पोटशूळ उठला तरी ती इतकी बोंबलत नाही!"

मग आबांनी आईचं लाटणं पळवलं. एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाला. वैद्य नाडी बघतो तसं जागा बदलत ऐकत बसायचे. मी त्यांचा डबा घेऊन तबेल्यात गेले होते. म्हणाले, "ये, तूही ऐक."

मी कान लावला आणि अंगावर सर्रकन काटा आला. काय सांगू तुम्हाला! आत हजार घोडे दौडत होते, आणि एकाची म्हणून टाप चुकत नव्हती. बाहेरून बघावं तर काळा लोखंडी ठोकळा. त्याच्या पोटात एवढं मोठं चाललंय आणि त्यातलं इतकंसं आईच्या पोळीच्या लाटण्यातून माझ्या कानात येतंय! पुढे मी काशी पाहिली, समुद्र पाहिला. पण छाती भरून यावी तर तशी, त्या दिवशीसारखी.

"आबा, आत कोण आहे?" मी विचारलं.

"तेच शोधतोय," आबा म्हणाले. "आतले सगळे शहाणे आहेत गं. ओरडणारा कुणी सापडत नाही."

असं करता करता खंडेनवमी उजाडली. दसरा उद्यावर आला. आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची आणि घोड्यांची पूजा असते, म्हणून आई ताट घेऊन तबेल्यात आली. घोड्यांचं झाल्यावर आबांनी मोटारीचं झाकण उघडलं आणि इंजिन सुरू केलं. लागली ती किंचाळायला.

"अहो, बंद करा की! पूजेत ही कसली बोंब?" आई म्हणाली.

"घोडा पूजेला उभा असतो तेव्हा श्वास घ्यायचं थांबवतो का?" आबा म्हणाले. "हिलाही घेऊ दे."

मोतद्दारानं कानात बोटं घातली. आईनं तोंड वाकडं करून हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि आंब्याचं पान पाण्यात बुडवून आत शिंपडलं.

किंचाळी थांबली.

आईचा हात तसाच वर राहिला. मोतद्दारानं कानातली बोटं काढून हात जोडले. मी तर देव कुठल्या बाजूनं आला ते बघत होते. आणि तेवढ्यात पुन्हा चीं, पहिल्याहून कर्कश. आईचे डोळे भरून आले. पण आबांचा चेहरा निराळाच झाला होता.

"पुन्हा शिंपड. तिथे नको, पंख्यावर."

काही फरक नाही.

"आता या पट्ट्यावर."

गप्प! इंजिनाचं चाक ज्या पट्ट्यानं पंख्याला फिरवतं, त्या पट्ट्यावर पाणी पडलं की गप्प, आणि ओसरलं की पुन्हा सुरू. आबांनी इंजिन बंद केलं, अंगठ्यानं पट्टा दाबला. तो आत गेला, गेला, जातच राहिला.

"अगं, तंग ढिला आहे हिचा!"

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळतात तो पट्टा. तो ढिला पडला की खोगीर घसरतं. इथे पट्टा घसरत होता म्हणून ओरडत होता. त्यात वरून तेल ओघळून ओघळून तो पार निसरडा झालेला. औषध म्हणून जे पाजलं, तेच दुखणं वाढवत होतं.

आबांनी पट्टा उतरवला. आईनं तो घरी नेऊन रिठ्याच्या पाण्यात खळखळ धुतला आणि उन्हात टांगला. शेजारीण दारातून बघत होती. "आ शुं धुओ छो, बेन?"

"मोटारीचं न्हाणं आहे आज," आई म्हणाली.

ऊन कलल्यावर आई वाळलेला पट्टा घेऊन पुन्हा तबेल्यात आली. आबांनी पट्ट्याची चाकंही पुसून कोरडी केली, पट्टा चढवला, पंखा वर सरकवून तंग आवळावा तसा आवळला. साहेब स्वतः येऊन उभे राहिले. मोतद्दारानं दोन्ही हातांनी घोडी धरून ठेवली. आबांनी इंजिन सुरू केलं. घोडीचे कान एकदा पुढे झाले, एकदा मागे झाले, आणि तिनं पुन्हा गवतात तोंड घातलं.

साहेब आबांना एवढंच म्हणाले, "उद्या नवा फेटा बांधून या."

ते गेल्यावर मोतद्दार जवळ आला. वाकून म्हणाला, "चालू आहे का हो? का मेली?"

आबांनी लाटणं इंजिनावर टेकवलं आणि दुसरं टोक त्याच्या कानाला लावलं. आयुष्य घोड्यांत गेलेला तो माणूस. त्याचे डोळे मोठे झाले, मग मिटले. किती वेळ गेला तरी तो कान काढीना.

शेवटी आईच म्हणाली, "भाऊ, ऐकून झालं असेल तर द्या इकडे. उद्याच्या पुऱ्या लाटायच्यात."