पट्टा लावायचा पायजमा

पायजमा हा आजारी माणसाचा पोशाख, हे मत आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. आणि आबांचं मत तेच घराचं मत, असा आमच्याकडे मी लग्न होऊन आल्यापासूनचा रिवाज. फौजेतून सुभेदार होऊन ते साताऱ्याला परत आले, पण माणूस मात्र ड्युटीवरच राहिला. दूधवाला यायच्या आत दाढी झालेली, इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट आणि कमरेला बकलाचा पट्टा. गिरणीतून दळण आणायचं असलं तरी हाच थाट. रविवारी सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांच्यासारखेच जुने फौजी जमतात, तिथं कुणाचा शर्ट जरा बाहेर आलेला दिसला तर आठवडाभर त्याची टिंगल चालते.

गेल्या हिवाळ्यात आबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, हळूहळू चालायलाही लागले. चालणं जमलं, पँट जमेना. वाकायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, त्यात बोटांना कंप सुटलेला. पँटचा हूक आणि ती बारकी बटणं बोटांत सापडायचीच नाहीत. मग रोज सकाळी माझा नवरा त्यांना पँट चढवायचा, बटणं लावायचा, आणि आबा तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहायचे. खोलीचं दार उघडंच असायचं, कारण मदतीला कुणी ना कुणी आत-बाहेर करत असे.

चौकात जाणं त्यांनी बंदच केलं. नवरा एकदा म्हणाला, गाडीत बसवून नेतो, दारात सोडतो, दारातून आणतो. आबा म्हणाले, "दुसऱ्यानं बटणं लावल्याली प्यांट घालून मी त्या लोकांत जानार न्हाई." दोस्तमंडळी घरी भेटायला आली की ते डोळे मिटून पडत. मला त्या सोंगाचा राग यायचा आणि राग ओसरला की रडू यायचं. हा माणूस असाच खोलीत राहिला तर आणखी दोन वर्षांत खाटेला चिकटेल, हे मला दिसत होतं, सगळ्यांनाच दिसत होतं.

पायजमे आम्ही विकत आणून बघितले होते. त्यांना नाडी होती. आबांनी आयुष्यात कधी नाडी बांधली नव्हती, पण गाठी त्यांना भरपूर येत होत्या. त्यांनी तंबूचा दोर बांधतात तशी गाठ मारली. हिमालयातल्या वाऱ्यात टिकणारी ती गाठ कापडी नाडीवर बसली ती बसली. सुटेना म्हणून शेवटी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कात्रीनं नाडी कापली. आबांनी तो पायजमा गोळा करून खाटेखाली फेकला. इलॅस्टिकचा आणला तर तो इतका घट्ट की कमरेवर वळ उठले.

तेव्हा मी ठरवलं, आपणच शिवायचा. मी शाळेत गणित शिकवते. वर्तुळाचा परीघ शिकवणाऱ्या बाईला कमरेचा घेर जड जायला नको, असा माझा हिशोब. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी मी त्याच आठवड्यात सांगलीला विश्रामबागेत आईकडे गेले आणि तिचं शिलाई मशीन गाडीच्या मागच्या सीटवर घालून घेऊन आले. आईनं आमची सगळी बालपणं त्या मशीनवर शिवलेली. निरोप देताना तिनं एकच अट घातली. पहिला पायजमा म्हाताऱ्या माणसावर शिकायचा नाही, आधी स्वतःवर चुकायचं, मग नवऱ्यावर चुकायचं.

कापड आणायचं काम नवऱ्याकडे होतं. तो लोणंदला कारखान्यात आहे, तिथला बाजार त्याला माहीत. मी म्हटलं होतं, पांढरं सुती कापड, एका पायजम्यापुरतं. त्यानं आणला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अख्खा ताका. दुकानदार म्हणाला म्हणे, साहेब, तुम्ही म्हणून देतो. घासाघीस करायला गेलेला आमचा माणूस नेहमी असा विजयी होऊन जादाचं सामान घेऊन येतो. मी कपाळावर हात मारला. पण चुकायला कापड भरपूर झालं, हे खरं.

माझ्या पायजम्याचे दोन्ही पाय डावे झाले. कापड उलटसुलट न धरता मी दोन्ही तुकडे एकाच बाजूनं बेतले होते. तरी हट्टानं जोडले आणि घातले. एक शिवण पुढं आणि दुसरी मागं, त्यामुळे मी सरळ निघाले तरी पायजमा वळायच्या विचारात. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवायला उभी राहिले. आईनं फोन नेहमीसारखा असा धरलेला की मला तिचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसत होतं, पण ते कपाळ हसून हसून हलत होतं.

नवऱ्याच्या वेळी पाय बरोबर जमले, दोन्ही पाय जिथं जुळतात ते आसन चुकलं. आमच्याकडे जेवायला खाली मांडी घालून बसतात. माप मी त्याला उभा करून घेतलं होतं. रात्री जेवायला तो ऐटीत पाटावर बसायला गेला आणि अर्ध्यातच अडकला. ना खाली जाता येईना ना वर. आत्या पोळी लाटता लाटता लाटणं बाजूला ठेवून हसल्या. त्या रात्री नवरा ओट्याशी उभा राहून जेवला आणि आसनाचं माप मांडी घालूनच घ्यायचं, हा धडा मला कायमचा मिळाला.

त्यानंतर हात बसला. मुलीचा पायजमा तर इतका छान झाला की ती तो घालून शिकवणीला निघाली होती, मी दारातून परत आणली. मग एका दुपारी आत्या माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, गच्चीवर सांडगे घालायला साडी फार पायात येते. त्यांनी जन्मात साडीशिवाय काही नेसलं नव्हतं. मी काही न विचारता त्यांच्याही मापाचा एक शिवून टाकला. पहिल्या दिवशी त्यांनी तो साडीच्या आत घातला. दुसऱ्या दिवशी वरून माझ्या नवऱ्याचा जुना सदरा आला. तिसऱ्या दिवशी त्या गच्चीवरून खाली तशाच आल्या आणि तशाच चहा करायला लागल्या.

आणि नेमके त्याच वेळी आबा वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. आत आम्ही चौघं होतो आणि चौघांच्या अंगावर तेच निळे पट्टे. आबांनी आत्यांना खालून वरपर्यंत आणि वरून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. आबांनी वॉकर जमिनीवर आपटला आणि कवायतीच्या खड्या आवाजात "फॉलिन" म्हणाले. माझी मुलगी खरोखर सावधानमध्ये उभी राहिली. मग आबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता वॉकरवर रेलले. पायजमा आजाऱ्याचा पोशाख असेल तर हे अख्खं घर आजारी आहे, असं काहीसं ते म्हणाले. तुमचाही शिवू का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि एकदा नको म्हटलं की सुभेदार शब्द फिरवत नाहीत. मी गुपचूप त्यांच्या जुन्या पँटवरून माप घेतलं.

आबांचा पायजमा मी जीव लावून शिवला. कमरेला रुंद, मऊ इलॅस्टिक घातलं. आतून दोन्ही बाजूंना कापडी फासे लावले, म्हणजे खाटेवर बसून पाय घातले की न वाकता फाशांना धरून वर ओढता यावा. घेर मोठा ठेवला, खिसे खोल ठेवले. राहिली फक्त खालची दुमड. ती बोटभर जरी लांब राहिली तर वॉकरमध्ये पाय अडकून माणूस पडणार, तेव्हा ती अंगावरच बघणं भाग होतं. पायजमा खाटेवर ठेवून मी म्हटलं, आबा, फक्त उंची बघायची आहे. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, मग पायजम्याकडे, आणि नवऱ्यानं तो त्यांना चढवला.

उंची मी खुणेनं बघितली, पण वॉकर घेऊन दोन पावलं टाकली की एक पाय लांब वाटे, टाचण्या लावाव्यात तर त्या पायाला टोचणार. पुन्हा काढा, पुन्हा घाला, हे आबांच्यानं होणार नव्हतं. ते वैतागले होते, काढ हे आता, एवढंच म्हणायचं बाकी होतं. मी सुई ओवली आणि पायाशी बसून कच्चा धावदोरा घालायला घेतला.

आत्यांनी दारातूनच हात वर केला, म्हणाल्या, अंगावरचं कापड शिवायचं नसतं. शिवायचंच झालं तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं तोंडात दोरा धरायचा आणि शिवून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मी गणिताची बाई, हे मी मानत नाही. पण त्या दिवशी माझ्या मदतीला ती रीत देवासारखी धावून आली. आत्यांनी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोडला आणि आबांच्या ओठांत दिला. सबंध पलटणीवर ओरडलेला माणूस दातांत दोरा धरून गप्प उभा राहिला. त्यांना नको म्हणता येत नव्हतं, आणि मी टाके अगदी सावकाश घालत होते.

एक पाय झाला, दुसरा होत आला, तेवढ्यात आबांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली. वर बघितलं तर ते कमरेवर बोट टेकवत होते. पुढं एकदा, बाजूला एकदा, मागं हात जाईल तिथपर्यंत. मला वाटलं इलॅस्टिक टोचतंय. त्यांनी जोरजोरात मान हलवली. नवऱ्यानं विचारलं, दुखतंय का. पुन्हा मान हलली, या वेळी रागानं. दोरा तोंडात, त्यामुळे शिव्याही देता येईनात. शेवटी त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडून खुंटीकडे दाखवला. खुंटीला त्यांचा पट्टा टांगलेला होता.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मग आत्यांनाच आधी कळलं. त्यांना पट्टा ओवायच्या लुप्या पाहिजे होत्या, पायजम्याला.

हसावं की काय करावं मला समजेना. पट्ट्याचं बकल त्यांना अजून लावता येत होतं. ते नुसतं सरकवून दाबायचं असतं, त्याला बटणासारखी बोटांची नजाकत लागत नाही. इलॅस्टिकच्या पायजम्याला पट्ट्याची गरज शून्य. पण मला ती मागणी इतकी आवडली की मी त्याच संध्याकाळी लुप्या शिवल्या, दुहेरी टीप मारून, त्याच निळ्या कापडाच्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, एवढी वर्षं शिवलं पण असलं गिऱ्हाईक बघितलं नाही.

रविवारी सकाळी आत्यांनी पायजम्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून तो आबांच्या खाटेवर ठेवला. रोजच्यासारखा नवरा त्यांच्या मागं खोलीत जायला लागला. आबांनी हातानंच त्याला थांबवलं आणि दार लोटून घेतलं. मग आतून कडी लागली. ऑपरेशन झाल्यापासून ती कडी कुणी लावली नव्हती. आम्ही तिघं बाहेर उभे. नवऱ्याचा हात दाराकडे जायचा आणि आत्या तो मागं ओढायच्या. आतून खाट करकरली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग वॉकर सरकला, बकल खट्कन वाजलं, आणि आबा खाकरले.

कडी निघाली. निळ्या पट्ट्यांचा पायजमा, त्याला इस्त्रीची धारदार घडी, वर बटणं न काढता डोक्यातून घातलेला, खोचलेला पांढरा शर्ट आणि कमरेला तो पट्टा. आमच्याकडे न बघता ते ओसरीवर गेले, चपला सरकवल्या आणि फाटकाकडे निघाले. नवरा बरोबर जायला निघाला तर म्हणाले, यायचं तर मागं राहा.

मी भाजीची पिशवी उचलली. भाजी घरात होती. नवरा आबांच्या मागं आणि मी नवऱ्याच्याही मागं, अशी आमची वरात चौकापर्यंत गेली. टपरीला लागूनच बसणाऱ्या भाजीवालीपुढं उभी राहून मी कोथिंबीर चिवडत राहिले. टपरीवरचे म्हातारे आबांना बघून उठून उभे राहिले, कुणी खुर्ची पुढं केली. मग त्यांची नजर कमरेच्या पट्ट्यावर गेली आणि जे हसू फुटलं ते रस्त्याच्या पलीकडे ऐकू आलं. पण आबाही हसत होते, खुर्चीत बसून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

हसणं थांबल्यावर त्यांच्यातल्या एका थोराड मिशीवाल्यानं वॉकरकडे बघत जरा हळू आवाजात विचारलं, "आनि तयार कोन करतंय रं तुला सकाळी?"

"कोन करनार? माझं मी," आबा म्हणाले, आणि चहा मागवला.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही, मशीनचं नाही, सांगलीचं नाही. मी कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून तिथंच रडायला लागले, इतकी की भाजीवालीनं मला बसायला तिचं पोतं दिलं.